विष्णु दिगंबर पलुसकर

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड – २१ ऑगस्ट १९३१, मिरज) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील ग्वाल्हेर परंपरेचे गायक, संगीतशिक्षक आणि गांधर्व महाविद्यालय या संस्थेचे संस्थापक होते. संस्थानिकांच्या आश्रयावर जगणाऱ्या गायनकलेला त्यांनी शाळा, पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि तिकीट लावून केलेले जलसे यांच्या आधारे सर्वसामान्य सुशिक्षितांपर्यंत नेले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी सुरू केलेले विद्यालय कोणत्याही एका संस्थानाच्या खजिन्यावर अवलंबून नव्हते. हे त्या विद्यालयाचे वैशिष्ट्य होते आणि पुढे तीच त्याची सर्वांत मोठी अडचणही ठरली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि बा. र. देवधर हे त्यांचे प्रमुख शिष्य होत. सुप्रसिद्ध गायक द. वि. पलुसकर हे त्यांचे पुत्र.

बालपण

या घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील पलूस या गावावरून ते पलुसकर झाले. विष्णु दिगंबरांचे वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. कृष्णेच्या काठचे कुरुंदवाड हे त्या काळी पटवर्धनांचे एक लहान संस्थान होते. नरसोबाची वाडी तेथून अगदी जवळ असल्यामुळे दत्तभक्ती, कीर्तने आणि उत्सव यांचे वातावरण त्या परिसरात बाराही महिने असे. गाण्याचा पहिला संस्कार विष्णूवर कीर्तनातूनच झाला. पुढील आयुष्यात त्यांनी भजनाला जे स्थान दिले, त्याचे मूळ येथे शोधता येते.

दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट होऊन या मुलाच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत आणि दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचे शिक्षण पुढे चालू राहणे अवघड होते. उपचारांसाठी मुलाला मिरजेला नेण्यात आले. तेथील डॉ. भडभडे यांना त्याच्या आवाजाची आणि स्वरज्ञानाची जाण आली आणि त्यांनी त्याला गायन शिकवावे असे सुचवले. ज्या मुलाला पुस्तक वाचणे कष्टाचे होते, त्याच्याच हातून पुढे संगीताची पुस्तके छापली गेली.

मिरजेतील शिक्षण

मिरज संस्थानच्या दरबारी त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे ग्वाल्हेरच्या हस्सूखाँचे शिष्य. ही विद्या मिळवण्यासाठी बाळकृष्णबुवांनी तरुणपणी घरदार सोडून दीर्घ वणवण केली होती, आणि शिष्यांकडूनही त्यांना तशाच चिकाटीची अपेक्षा असे. मिराशीबुवा, अनंत मनोहर जोशी, गुंडूबुवा इंगळे हेही त्यांचेच शिष्य. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी विष्णूच्या राहण्या-जेवणाची सोय करून दिली. त्यामुळे त्या काळच्या इतर विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारी माधुकरी त्याला मागावी लागली नाही.

गुरुगृहीच्या शिक्षणाची रीत सर्वत्र होती तशीच होती. गुरूची सेवा करावी, पहाटे मंद्र स्वरांचा रियाझ करावा, गुरू गातील ते ऐकावे, मनात साठवावे आणि एखादी बंदिश मिळाली तर ती महिनोन्‌महिने घोटावी. काहीही लिहून घेण्याची प्रथा नव्हती. विद्यार्थ्याने प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाई. या पद्धतीचे फळ विष्णु दिगंबरांना पुरेपूर मिळाले. तिच्यात किती वेळ जातो आणि किती विद्यार्थी वाटेतच गळून पडतात, हेही त्यांनी जवळून पाहिले. १८९६ पर्यंत ते मिरजेत होते.

मिरज का सोडली, याविषयी त्यांच्या चरित्रांतून एक प्रसंग सांगितला जातो. गावातील एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले, पण बाळकृष्णबुवांना आले नाही. त्यांनी चौकशी केली, तेव्हा शिष्याला बोलावले ते दरबारच्या मर्जीतला मनुष्य म्हणून, आणि गुरू हे तर केवळ गवई, असा अर्थ त्यांना उमगला. तपशिलांत थोडाफार फरक आढळला, तरी प्रसंगाचा रोख सर्वत्र एकच आहे. गवयाची विद्या ऐकायला सर्वांना हवी होती, परंतु प्रतिष्ठितांच्या पंगतीत त्याचे पान मांडले जात नव्हते. याच सुमारास गुरुशिष्यांच्या संबंधांतही ताण आला होता, असे काही अभ्यासक सांगतात. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. संस्थानाचा आश्रय, निश्चित मानधन आणि ओळखीचा मुलूख सोडून वयाच्या चोविसाव्या वर्षी ते मोजक्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले.

भ्रमंती

औंध, सातारा या मार्गाने ते बडोद्यास पोहोचले. तेथे त्यांच्या गाण्याचे चांगले स्वागत झाले आणि दरबारात राहण्याचा मार्ग मोकळा होता, पण नोकरी पत्करायची नाही हा निश्चय त्यांनी मोडला नाही. पुढे काठेवाडात त्यांनी एक नवी गोष्ट केली. कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात न गाता त्यांनी तिकीट लावून सर्वांसाठी खुला जलसा केला. नाटकाला तिकीट लावणे लोकांच्या अंगवळणी पडले होते. शास्त्रीय गाण्याला मात्र आमंत्रित श्रोते आणि बिदागी हीच रीत होती. ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे आहेत त्याने यावे आणि बसावे, त्याची जात, हुद्दा किंवा यजमानाशी असलेले नाते पाहिले जाणार नाही, ही कल्पना आज साधी वाटते. त्या काळी तिच्यामुळे गायकाचा धनी बदलत होता.

गिरनारवर एका साधूने त्यांना उत्तरेकडे, पंजाबात जाऊन कार्य करण्याचा आदेश दिला, अशी आख्यायिका आहे. ग्वाल्हेर या आपल्या घराण्याच्या मूळ गावी त्यांनी गायन केले. मथुरेत ते काही काळ राहिले. तेथे त्यांनी चंदन चौबे यांच्याकडून धृपदाचे शिक्षण घेतले आणि हिंदी व ब्रज भाषांचा अभ्यास केला. बंदिशींची भाषा ब्रज असूनही ती गाणाऱ्या दक्षिणी गवयांना शब्दांचा अर्थ पुष्कळदा ठाऊक नसे. ही उणीव त्यांनी वेळीच ओळखली आणि ती भरून काढली. पुढे दिल्ली, जालंधर, अमृतसर असा प्रवास करत ते लाहोरला आले. जालंधरच्या हरिवल्लभ संगीत मेळ्याशी त्यांचा जुळलेला संबंध पुढे अनेक वर्षे टिकला.

लाहोरचे गांधर्व महाविद्यालय

मराठी गवयाने आपल्या शाळेसाठी पुणे किंवा मुंबई न निवडता लाहोर का निवडावे, हा प्रश्न साहजिक आहे. पंजाबात गाण्याची परंपरा दुबळी नव्हती. तिलवंडी आणि शामचौरासी ही धृपदाची घराणी, पतियाळा व कसूरचे ख्यालगायक आणि गुरुद्वारांतून शबद गाणारे रबाबी अशी ती समृद्ध होती. पण ही विद्या वंशपरंपरागत गवयांच्या घरात होती आणि शहरातील नवशिक्षित वर्गाला तिच्यापासून दूर राहणेच प्रतिष्ठेचे वाटे. दुसरीकडे, याच वर्गात शाळा काढण्याचा मोठा उत्साह होता. आर्य समाजाची दयानंद अँग्लो-वैदिक शिक्षणसंस्था लाहोरात १८८६ पासून काम करत होती, सनातनी मंडळींच्या संस्थाही उभ्या राहत होत्या. लोकवर्गणीतून शिक्षणसंस्था चालवण्याची सवय असलेले शहर विष्णु दिगंबरांना मिळाले.

५ मे १९०१ रोजी विद्यालय सुरू झाले. भारतातील पहिली संगीतशाळा असा त्याचा उल्लेख अनेकदा केला जातो, तो काटेकोर नाही. पुण्याचा गायन समाज १८७४ मध्ये स्थापन झाला होता, मुंबईत पारशी गायनोत्तेजक मंडळी त्याहून आधीची होती, आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. लाहोरचे विद्यालय वेगळे ठरले ते अन्य कारणांमुळे. ते एका व्यावसायिक गवयाने स्वतःच्या जबाबदारीवर काढले होते. त्याचा खर्च फी, देणग्या आणि संस्थापकाच्या जलशांच्या उत्पन्नातून भागत असे. शिवाय, ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा आणि पदवी अशी पूर्ण शालेय चौकट त्याला होती.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. विद्यार्थी येईनात. याच काळात कुरुंदवाडहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरी नुकतेच सुरू केलेले काम टाकून ते गावी गेले नाहीत, असे चरित्रकार नमूद करतात. हळूहळू वकील, शिक्षक, सरकारी नोकर आणि त्यांची मुले येऊ लागली. प्रार्थना आणि भजनांमुळे विद्यालयाभोवती जे सात्त्विक वातावरण निर्माण झाले, त्याने पालकांच्या मनातील धास्ती कमी केली. विद्यालयाचा छापखाना निघाला, वाद्यदुरुस्तीची व वाद्यनिर्मितीची सोय झाली आणि १९०५ च्या सुमारास ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक सुरू झाले.

शिक्षणपद्धती

विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी होते. संस्थेचे पुढील सारे यश या विभागणीवर उभे आहे. पहिला वर्ग सर्वसाधारण विद्यार्थ्यांचा. ते ठरलेल्या वेळी येत, फी देत, स्वरज्ञान, तालज्ञान, काही रागांच्या बंदिशी शिकत आणि घरी जात. यांतून मोठे गायक निपजतील अशी विष्णु दिगंबरांची अपेक्षा नव्हती. तानसेन घडवण्यापेक्षा कानसेन घडवणे हे आपल्या शाळेचे काम आहे, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. गाणे जाणून घेणारा श्रोता वाढला की गायकाला राजाकडे जावे लागणार नाही, हे त्यामागचे व्यवहारी गणित होते.

दुसरा वर्ग उपदेशकांचा. यात निवडक मुलांना काही वर्षांच्या कराराने ठेवून घेतले जाई. राहणे, जेवण आणि शिक्षण विनामूल्य. त्या बदल्यात करार पुरा होईपर्यंत त्यांनी विद्यालय सोडायचे नाही आणि पुढे संगीताचा प्रसार करायचा, अशी अट असे. ही मुले गुरूजवळच राहत, पहाटे उठून रियाझ करत, घरची कामे करत, दौऱ्यावर तंबोऱ्याच्या साथीला बसत आणि खालच्या वर्गांना शिकवत. म्हणजे शाळेच्या चौकटीत त्यांनी जुने गुरुकुलच कायम ठेवले होते. संस्थेने दिलेले नामवंत गायक जवळजवळ सर्वच या दुसऱ्या वर्गातून आले. वर्गात बसवून गवई तयार होत नाही, हा आक्षेप पुढे त्यांच्यावर वारंवार घेतला गेला. त्यांच्या रचनेकडे पाहता ही गोष्ट त्यांना आधीपासून कळली होती असे दिसते.

सामुदायिक शिक्षणासाठी लेखन अपरिहार्य होते. ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’, ‘राग प्रवेश’ इत्यादी पुस्तकमालांतून त्यांनी रागांची माहिती व बंदिशी क्रमवार दिल्या. शिकवण्यासाठी मराठीऐवजी हिंदीचा वापर केल्यामुळे ही पुस्तके उत्तर भारतात सर्वत्र चालू शकली.

त्यांची स्वरलेखनपद्धती भातखंडे पद्धतीहून वेगळी आहे. मंद्र सप्तकातील स्वरांवर बिंदू आणि तार सप्तकातील स्वरांवर उभी रेघ दिली जाते. स्वर एक मात्रेचा, अर्ध्या मात्रेचा की पाव मात्रेचा, हे दाखवण्यासाठी स्वराखाली निरनिराळी चिन्हे असतात. सम १ या अंकाने आणि खाली अधिक चिन्हाने दर्शवतात. कालमापनाच्या दृष्टीने ही पद्धती अधिक नेमकी आहे, परंतु चिन्हांची संख्या जास्त असल्याने लिहायला आणि छापायला ती अवघड पडते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची पद्धती सुटसुटीत असल्याने पुढे तीच अधिक रूढ झाली. पलुसकर पद्धती मुख्यतः गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेत टिकून राहिली.

मुंबई

१९०८ मध्ये विष्णु दिगंबरांनी मुंबईत विद्यालय काढले आणि लाहोरची व्यवस्था शिष्यांवर सोपवून ते स्वतः मुंबईस राहू लागले. मुंबईत विद्यार्थी लाहोरपेक्षा लवकर मिळाले. गुजराती, मराठी, पारशी कुटुंबांतील मुलगे आणि मुलीही येऊ लागल्या. घरंदाज स्त्रीने गाणे शिकणे हे त्या काळी संशयास्पद मानले जाई. त्यामुळे स्त्रियांच्या स्वतंत्र वर्गांना विशेष महत्त्व होते. समारंभपूर्वक पदवीदान, वार्षिक जलसे आणि पुढे संगीत परिषदा यांमुळे संस्थेचे नाव देशभर झाले.

संस्थेसाठी सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी इमारत बांधण्यात आली. वर्ग, वसतिगृह, छापखाना, वाद्यांचा कारखाना, सभागृह असे सर्व एकत्र आणण्याचा त्यामागे विचार होता. यासाठी घेतलेले कर्ज मात्र संस्थेच्या उत्पन्नाच्या मानाने फार मोठे ठरले. उपदेशक वर्गातील मुलांचा सारा खर्च संस्थेवर होता. फीचे उत्पन्न बेताचे होते. तूट भरून काढण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे संस्थापकाचे स्वतःचे जलसे. म्हणून वर्षातील बराच काळ ते देशभर दौरे करत, आणि ते मुंबईबाहेर असताना संस्थेच्या कारभाराकडे पाहणारे तितक्या तोलाचे कोणी नसे. दरबाराची नोकरी नाकारणाऱ्या या गवयाचा कंठ आता सावकाराच्या व्याजासाठी झिजत होता, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण खोटे होणार नाही. देणेकऱ्यांचा तगादा वाढत गेला आणि १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला.

राष्ट्रीय चळवळ

राष्ट्रीय सभेच्या अनेक अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान विष्णु दिगंबरांकडे होता. त्यांचा बुलंद, मोकळा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मोठ्या मंडपात पोहोचत असे. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणावरून गायनाला हरकत घेतली. हे व्यासपीठ एका धर्माचे नसून राष्ट्राचे आहे अशी भूमिका घेऊन विष्णु दिगंबरांनी गीत पूर्ण केले. या प्रसंगाची वर्णने एकमेकांशी सर्वस्वी जुळत नाहीत. त्यानंतरच्या दशकांत या गीतावरून जे वाद झाले, त्यांत त्याचा हवाला दोन्ही बाजूंनी दिला जात राहिला.

महात्मा गांधींच्या साबरमती येथील सत्याग्रहाश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा विष्णु दिगंबरांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. आश्रमातील प्रार्थनेला सांगीतिक शिस्त लावण्याचे आणि ‘आश्रम भजनावली’ संकलित करण्याचे काम खरे यांनी केले. १९३० च्या दांडीयात्रेतही ते होते. ‘रघुपति राघव राजाराम’ या रामधुनीची प्रचलित चाल विष्णु दिगंबरांची असल्याचे मानले जाते. त्यांच्या कोणत्याही ख्यालापेक्षा ही चाल अधिक भारतीयांच्या कानांवर गेली आहे.

नाशिक आणि अखेरची वर्षे

मुंबईतील संस्था संकटात असतानाच त्यांचा ओढा रामभक्तीकडे वाढत गेला होता. १९२२ च्या सुमारास त्यांनी नाशिक येथे रामनाम आधाराश्रम स्थापन केला. भगवी वस्त्रे, तुलसीदासांच्या रामचरितमानसावर प्रवचने, रामनामाचा गजर आणि मोजके विद्यार्थी असा त्यांचा दिनक्रम झाला. मैफलीत गाणाऱ्या गवयाऐवजी ते पुन्हा आपल्या वडिलांसारखे कीर्तनकार झाले. काही शिष्यांना हे परिवर्तन रुचले नाही. ख्याल गाण्याची त्यांची ताकद कायम असताना त्यांनी तो मागे टाकावा, याची खंत जाणकारांनाही वाटत असे.

कौटुंबिक आयुष्यात त्यांनी आणि पत्नी रमाबाई यांनी मोठे दुःख सोसले. त्यांची बहुतेक अपत्ये लहान वयात दगावली. २८ मे १९२१ रोजी जन्मलेले दत्तात्रेय तेवढे वाचले. पुत्राला पुरेसे शिकवण्याइतका काळ वडिलांना मिळाला नाही. प्रकृती ढासळल्यावर विष्णु दिगंबरांना मिरजेला आणण्यात आले आणि तेथे २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी दत्तात्रेय दहा वर्षांचे होते.

गायकी

विष्णु दिगंबरांच्या गाण्याचा पाया बाळकृष्णबुवांकडून मिळालेल्या ग्वाल्हेर गायकीचा होता. बंदिशीची स्थायी व अंतरा स्वच्छ मांडणे, मध्यलयीकडे झुकणारा ख्याल, बोलांची लयदार मांडणी, सरळ आणि जोरकस तान, खुला आकार ही तिची लक्षणे त्यांच्या गाण्यात होती. रागाचे दीर्घ, संथ आलापन हा त्यांचा मार्ग नव्हता. मोजक्या वेळात राग पूर्ण उभा करण्याची ग्वाल्हेरची सवय तिकिटाच्या जलशाला सोयीची ठरली, कारण तेथे निरनिराळ्या आवडीचे श्रोते असत आणि कार्यक्रमाला सुरुवात-शेवटाची वेळ असे. कार्यक्रम वेळेवर सुरू करणे, स्वच्छ व नीटनेटका पोशाख, मंचावर शिस्त या बाबतीत ते आग्रही होते.

मैफलीची सांगता भजनाने करण्याची प्रथा त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी रूढ केली. तुलसीदास, सूरदास, मीराबाई, कबीर यांची पदे त्यांनी रागात बांधली. शृंगारिक आशयाच्या काही पारंपरिक बंदिशींचे शब्द बदलून तेथे भक्तिपर शब्दही घातले. कुटुंबवत्सल श्रोत्यांसमोर आणि विद्यार्थिनींच्या वर्गात हे गाणे निःसंकोचपणे गाता यावे, हा हेतू स्पष्ट होता. परंतु ब्रज बंदिशींत शब्द, स्वर आणि लय यांची वीण घट्ट असते. शब्द बदलले की ती कधी कधी उसवते. हे बदललेले पाठ पुढे फारसे टिकले नाहीत. भजन मात्र टिकले, आणि द. वि. पलुसकरांच्या आवाजात ते घराघरांत पोहोचले.

शिष्यपरंपरा

भडोचहून आलेले ओंकारनाथ ठाकूर (१८९७–१९६७) हे सर्वांत प्रभावी गायक. तरुणपणीच त्यांच्यावर लाहोरच्या विद्यालयाची जबाबदारी सोपवण्यात आली होती. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी संगीतशिक्षणाची उभारणी केली. गुरूची संयमित गायकी सोडून त्यांनी नाट्यपूर्ण, भावप्रधान शैली स्वीकारली, हेही लक्षणीय आहे. विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) यांनी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत भूमिका केल्या. रंगभूमी सोडून त्यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ‘राग विज्ञान’ ही त्यांची सात भागांची पुस्तकमाला आजही विद्यार्थी वापरतात. नारायणराव व्यास (१९०२–१९८४) यांच्या ध्वनिमुद्रिका विलक्षण लोकप्रिय झाल्या. त्यांचे थोरले बंधू शंकरराव व्यास शिक्षक व संगीतकार होते. १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटाचे संगीत त्यांचे. बा. र. देवधर (१९०१–१९९०) यांनी मुंबईत स्वतःची संगीतशाळा चालवली. तेथेच कुमार गंधर्वांचे शिक्षण झाले. देवधरांनी गुरूंचे चरित्रही लिहिले. वामनराव पाध्ये आणि इतर अनेक शिष्य लहान-मोठ्या गावांत शिकवत राहिले. त्यांची नावे मैफलींच्या इतिहासात फारशी आढळत नाहीत, पण संस्थापकाच्या मूळ योजनेनुसार तेच खरे उपदेशक होते.

दत्तात्रेय पलुसकर वडिलांच्या पश्चात मुख्यतः विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांच्याकडे शिकले. ‘बैजू बावरा’ (१९५२) या चित्रपटात अमीर खाँ यांच्यासह त्यांनी गायलेली जुगलबंदी प्रसिद्ध आहे. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

भातखंडे आणि पलुसकर या समकालीन विष्णुद्वयीची तुलना अटळ ठरते. भातखंडे वकील होते. त्यांनी जुने ग्रंथ तपासले, घरंदाज उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले आणि संस्थानिक व शासन यांच्या साहाय्याने संस्था उभारल्या. विष्णु दिगंबर व्यावसायिक गायक होते आणि त्यांना शास्त्रचर्चेपेक्षा प्रसार महत्त्वाचा वाटे. दोघांत सख्य नव्हते. भातखंड्यांच्या मते पलुसकरांच्या पुस्तकांत शास्त्रीय बैठक अपुरी होती, आणि पलुसकरांच्या शिष्यांना भातखंडे हे गायक नसलेले शास्त्री वाटत.

अलीकडच्या संशोधनात, विशेषतः जानकी बखले यांच्या अभ्यासात, वेगळा प्रश्न पुढे आला आहे. संगीताला प्रतिष्ठा देताना विष्णु दिगंबरांनी त्याला हिंदू भक्तीचे रूप दिले, आणि ज्या मुसलमान उस्तादांनी व गाणाऱ्या कलावंत स्त्रियांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांना या नव्या, सभ्य मानल्या गेलेल्या वर्तुळात जागा उरली नाही, असा हा आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. प्रार्थना, भगवी वस्त्रे आणि शुद्ध केलेले शब्द यांमुळे ज्या कुटुंबांचे दार उघडले, त्याच गोष्टींमुळे इतरांसाठी ते अरुंद झाले. याच वेळी हेही लक्षात ठेवावे लागते की त्यांची स्वतःची विद्या वासुदेवबुवांमार्फत हस्सूखाँपर्यंत पोहोचत होती, आणि कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला भक्तिसंगीत ही उसनी घेतलेली युक्ती नव्हती.

स्मृती व संस्था

इमारत गेली तरी शाखा राहिल्या. विष्णु दिगंबरांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १९३१ च्या अखेरीस, त्यांचे शिष्य अहमदाबादेत एकत्र आले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. एका व्यक्तीच्या मालकीची, एका वास्तूत राहणारी संस्था उभारण्याऐवजी स्वतंत्रपणे चालणाऱ्या अनेक विद्यालयांना समान अभ्यासक्रम आणि परीक्षा यांनी जोडायचे, असे या मंडळाचे स्वरूप ठरले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या परीक्षांना आज देशभरातील तसेच परदेशांतील मराठी व अन्य भारतीय कुटुंबांतील विद्यार्थी बसतात. मंडळाची प्रमुख केंद्रे मिरज आणि नवी मुंबईतील वाशी येथे आहेत. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत काढलेले गांधर्व महाविद्यालयही याच परंपरेतले.

लाहोरचे मूळ विद्यालय फाळणीनंतर राहिले नाही. भारतीय टपाल खात्याने १९७३ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांच्या स्मरणार्थ तिकीट प्रकाशित केले.